काळं म्हणजे मोकळं

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१४ एप्रिल १९८५

अनंता,

जिवंत आहेस ना रे? दोन वर्षांत साधं कार्ड नाही. पत्ता शेवटी तुझ्या आईकडून घेतला. वर्सोव्याच्या बाजारात बसली होती. म्हणाली, "बेटावर गेलाय लक्षद्वीपला, प्रवाळ बघत बसतो म्हणे. तूच लिही बाई, तुला तरी नीट उत्तर देईल."

माझं थोडक्यात सांगते. एम.एस्सी. अर्धवट सुटली. बाबांची गिरणी संपात गेली ती उघडलीच नाही. ते गावी परतले आणि मी प्रेमाताईकडे आले. ताई-भावोजी मरोळला खदानीच्या वरच्या वस्तीत राहतात. इथेच इंडस्ट्रियल इस्टेटीत मला हिऱ्यांच्या एका युनिटमध्ये काम मिळालं. काळ्या पडद्याआड बसायचं, अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचा, आणि त्याखाली जे हिरे निळे चमकतात ते बाजूला काढायचे. प्राणिशास्त्र शिकून दगड निवडतेय. हसू नकोस.

आता ऐक. परवा पॅकिंगच्या खोक्यातल्या भुशातून एक विंचू टेबलावर चढला. तांबडा, बोटाएवढा. मी मागे सरकले, पण ओरडायचं राहूनच गेलं, कारण तो दिव्याखाली आला आणि हिरवा झाला. कसा हिरवा सांगू? गणपतीत मंडपाला हिरव्या ट्यूब लावतात ना, तसा. आकडे, पाय, नांगी, सगळं आतून पेटल्यासारखं. दिवा बंद केला, परत तांबडा. लावला, परत हिरवा. शेजारच्या बाईने चप्पल हाणली तेव्हा मी भानावर आले. मेल्यावरही तो चमकतच होता!

तेव्हापासून डोकं भणभणतंय. सगळेच विंचू असे चमकतात का? का चमकतात? त्या दिव्यापासून ते लपू शकतात का? तू समुद्रातलं चमकणारं काहीबाही बघतोस, तुला माहीत असणार. लवकर लिही. कशाला विचारतेय ते मागाहून सांगते.

जानकी

*

लक्षद्वीप
२ मे १९८५

जानकी,

बोटीतून टपालाची पिशवी उतरली आणि त्यात तुझं अक्षर! झकास वाटलं यार. इथे माझ्याशी या विषयावर बोलायला फक्त खेकडे आहेत.

आधी तुझा विंचू. हो, मी वाचलंय त्याप्रमाणे बहुतेक सगळेच विंचू चमकतात. अंधारात तो दिवा लावलास तर विंचू लपूच शकत नाही. उघडा पडतो बिचारा.

आता गंमत बघ. वर्सोव्याला काळोखात होडी हाकताना वल्ह्याभोवती पाणी चमकतं, ते आम्ही लहानपणापासून बघतो. काजव्याचंही तेच. हे जीव स्वतःच्या अंगात उजेड तयार करतात. तुझा विंचू आणि माझं प्रवाळ यांची जात वेगळी. यांच्याकडे स्वतःचा उजेड नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण अंगावर पडले की ते पितात, आणि आपल्याला दिसेल असा हिरवा, नारिंगी, तांबडा उजेड परत टाकतात. किरण थांबले की खेळ खलास.

संध्याकाळी काचेच्या पेटीत दिवा घालून मी बेटाजवळच्या उथळ खाजणात उतरतो. पाण्याखालचा खडक, दिवसा मळक्या गोणपाटासारखा दिसणारा, त्या दिव्यात असा काही पेटतो, की श्वास घ्यायचं विसरायला होतं.

का चमकतात, हा खरा प्रश्न आणि त्याचीच मारामारी आहे. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, उन्हावर अन्न शिजवून यजमानालाही देतं. उथळ पाण्यात ऊन फार, तिथे ही चमकणारी रंगद्रव्यं छत्रीचं काम करत असतील, असं काहीजण म्हणतात. खोल पाण्यात ऊन अपुरं, तिथे हीच द्रव्यं उरलासुरला निळा प्रकाश शेवाळाच्या कामाचा करून देत असतील, असं दुसरे म्हणतात. विंचवाचं तर कुणालाच ठाऊक नाही. चांदण्यात आपण उघड्यावर आहोत की आडोशाला, हे त्याला यातून कळत असेल? की काहीच हेतू नसेल? आपलं रक्त लाल आहे, पण ते लाल दिसावं म्हणून कुणी केलेलं नाही. त्यातल्या लोहामुळे ते तसं आहे, एवढंच. विंचवाची चमकही अशीच, दुसऱ्याच कशाबरोबर फुकटात आलेली असू शकते.

तू एक काम कर. कुठे, कधी, किती मोठे विंचू दिसतात ते टिपून ठेव. आपण दोघं मिळून पेपर लिहू!

आणि एक विचारू? शेवटच्या दिवशी कॉलेजच्या गेटवर तू काहीतरी सांगत होतीस आणि तुझी बस आली. काय होतं ते?

अनंता

*

मरोळ
१६ मे १९८५

अनंता,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी जास्तच राग आला. चूक माझी, तुला काही सांगितलंच नव्हतं. आता सांगते.

आमच्या शेजारच्या झोपडीत रुक्मिणी राहते. खदानीत खडी फोडते. नवरा दोन वर्षांपूर्वी सुरुंगात गेला. तिला एक मुलगी होती, सहा वर्षांची. मार्चमध्ये चुलीसाठी लाकूड ओढायला तिने ढिगात हात घातला आणि तांबडा विंचू डसला. आधी कुणी मंत्र घातला, कुणी कांदा चोळला. पोरगी घामाने निथळत होती, उलट्या, हातपाय थंडगार. भावोजी रिक्षा आणायला गेले, रिक्षावाला चढ चढून वर यायला तयार होईना. खांद्यावर टाकून खाली नेली. हॉस्पिटलच्या दारातच गेली.

तेव्हापासून रुक्मिणी झोपत नाही. उंबऱ्यावर काठी घेऊन बसते. आणि मी आतल्या बाजूला जागी. ताईचा बाळा माझ्या कुशीत झोपतो. पत्रा जरा वाजला की मी काडी ओढते, चादर झटकते, परत पडते, परत उठते. युनिटमध्ये डोळे मिटतात तर मॅनेजर ओरडतो.

आणि तू मला शेवाळाच्या छत्र्या सांगतोस! तुझ्या त्या 'का'चं मी काय करू रे? चुलीत घालू? पेपर कसला लिहितोस?

पण एक वाक्य कामाचं लिहिलंस: लपूच शकत नाही. मला तेवढंच हवं होतं. मॅनेजरला सगळं सांगून दिवा मागितला. वाटलं होतं हाकलून देईल. पण म्हणाला, "शनिवारी घेऊन जा. सोमवारी काच फुटलेली दिसली तर तूही येऊ नकोस." पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी लावणार आहे. वस्तीत एकाच घरी लाइट आहे, म्हणून मंडपवाल्याकडून लांब वायर मागून ठेवलीय.

गेटवरचं आता काय. बस आली, गेले.

जानकी

*

मरोळ
३ जून १९८५

अनंता,

राग विसर. काल दिवा लावला!

अंधार पडल्यावर निघालो. मी पुढे दिवा घेऊन, ताई मागे वायर सोडत, रुक्मिणी हातात लांब चिमटा आणि रॉकेलचा डबा घेऊन. आधी लोक दारात उभे राहून हसत होते. "जानकी भुतं पकडायला निघाली!" रुक्मिणीच्या घराबाहेरच्या विटांच्या ढिगावर दिवा धरला आणि सगळं हसणं बंद. विटांच्या फटीत हिरवे ठिपके. एक हलला, मग दुसरा. एक म्हातारी तर "आई गं" करून मटकन खालीच बसली. रोज जिथे पाय टाकतो तिथे हे एवढे!

रुक्मिणी फटीफटीत वाकून बघायची. चिमट्याने उचलायची, डब्यात टाकायची.  

एका फटीत एक मोठा हिरवा अगदी स्थिर बसलेला. ताईने धीर करून ओढला तर नुसता पोकळ! आतून रिकामा, वाळलेला. मेलेला विंचू. बायका काय हसल्या. ताईने तो फुंकरीने उडवला. इतक्या महिन्यांनी रुक्मिणीच्या दारात कुणी हसलं असेल.

सगळ्या वस्तीतून फिरलो. प्रत्येक घरात मी एकच सांगितलं: हिरवं दिसलं तर चिमटा, काही दिसलं नाही तर बिनधास्त हात घाला. काळं म्हणजे मोकळं. पोरांनी त्याचं गाणंच केलंय, सकाळपासून ओरडत फिरतायत.

रात्री रुक्मिणी उंबऱ्यावरून उठली आणि आत जाऊन झोपली. मीही झोपले. अनंता, किती दिवसांनी झोपले!

गेटवर काय सांगणार होते ते तू आलास की सांगेन. पत्रात नाही.

जानकी

*

मरोळ
१२ जून १९८५

अनंता,

दिवा आता पुन्हा आणणार नाही. आता विंचवांबद्दल काही लिहू नकोस. कशाबद्दलच लिहू नकोस. बरी आहे.

जानकी

*

लक्षद्वीप
२४ जून १९८५

जानकी,

पावसाळी समुद्रामुळे बोटी बंद झाल्यासारख्याच आहेत. आज एक आली आणि तुझी दोन पत्रं आणि एक कार्ड असं सगळं एकाच पिशवीतून हातात पडलं. तारखेप्रमाणे लावून वाचलं. पहिल्याने मान खाली गेली, दुसऱ्याने नाचावंसं वाटलं, आणि तिसऱ्याने काय करावं सुचेना.

पण आधी महत्त्वाचं. याची तार मी आत्ताच केलीय, वायरलेस नीट चालत असेल तर पत्राआधी पोचेल. तुम्ही विटांतून काढलात तो मेलेला विंचू नव्हता. ती कात होती. विंचू वाढताना अंगावरची कातडी टाकतो, आपल्याकडे खेकडे, चिंबोऱ्या टाकतात तशी. आई बाजारात चिंबोऱ्या दाबून बघते आणि मऊ निघाली की बाजूला ठेवते, आठवतं? नवी कातडी मऊ असते, मग हळूहळू कडक होते.

तुझ्या पत्रातल्या त्या पोकळ विंचवावर मी अडकलो. रिकाम्या कातीत जीव नाही, तरी ती चमकते. तुझा चपलेने मारलेलाही चमकत होता. म्हणजे चमक जिवात नाही, कातडीत आहे. मग नव्या, मऊ कातडीत ती असेल का? इथल्या पेटाऱ्यातले संशोधनाचे जुने अंक उपसले. एका ठिकाणी दोन ओळी सापडल्या. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. कातडी कडक होत जाते तशी चमक येते. आईच्या पाठीवरची पिल्लंही चमकत नाहीत. मी तुला 'लपूच शकत नाही' लिहिलं ते चूक होतं. ती कात टाकणारा तिथेच कुठेतरी बाजूला, दिव्याला न दिसता बसलेला असणार. वस्तीत सगळ्यांना सांग, कृपा करून सांग. काळं म्हणजे मोकळं नव्हे.

आता ते कार्ड. गेटवरचं पुन्हा विचारायला नको होतं. तुझं काही ठरलं असेल, घरी काही बोलणं चालू असेल, तर मी मध्ये येणार नाही. लिहू नकोस म्हणालीस. हे एवढं लिहिणं भाग होतं.

अनंता

*

मरोळ
१० जुलै १९८५

अनंता,

तू किती मूर्ख आहेस रे. माझं काहीही ठरलेलं नाही.

६ जूनला रुक्मिणीला विंचू डसला.

विटा हलवत होती. पावसाच्या आधी ओटा बांधायचा म्हणून. हाताने. चिमटा बाजूला पडलेला. मी कामावरून येत होते तर पोरं चढावरून धावत खाली आली. रुक्मिणी ढिगाजवळ बसलेली, उजवा हात डाव्याने धरून. साडी घामाने भिजलेली, ओठ पांढरे. ताईने विंचू दगडाखाली दाबून धरला होता. फिकट, पिवळट, मेणाचा असावा तसा. असा विंचू मी आधी बघितला नव्हता.

या वेळी मंत्र नाही, कांदा नाही. भावोजींनी दार काढलं, त्यावर घालून खाली आणली. हॉस्पिटलात तोंडातून फेस यायला लागला. डॉक्टर तरुण होता, धावपळ करणारा. सलाइन, ऑक्सिजन, रक्तदाबाच्या कसल्या गोळ्या. मला म्हणाला, "रात्र काढली तर काढली." मी बाहेर बाकावर. बसवेना. जिन्यापर्यंत जायची, परत यायची. आयाबाई वैतागून म्हणाली, "ताई, तुमच्या चालण्याने फरशी झिजेल." माझ्या कानात एकच, पोरांचं ते गाणं. काळं म्हणजे मोकळं. माझ्याच शब्दांचं गाणं.

रुक्मिणीने रात्र काढली. मग दुसरीही काढली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, धोका टळला.

मी तिच्यासमोर गेलेच नाही. ती घरी आली तरी गेले नाही. ताईबरोबर पेज पाठवायची आणि स्वतः मागच्या वाटेने कामावर. मेलेला विंचू मी कागदात बांधून युनिटमध्ये नेला आणि तिथल्या दिव्याखाली धरला. जवळजवळ काहीच नाही. एक पुसट धुरकट डाग. काहीच कळेना. दिवा बिघडला? की मीच रविवारी नीट बघितलं नाही? त्याच दिवशी तुला कार्ड टाकलं. तुझं ते 'लपूच शकत नाही' डोळ्यांसमोर होतं आणि तुला शिव्या द्यायलाही तोंड नव्हतं, कारण वस्तीत ओरडत फिरले ती मी.

मग तुझी तार आली. पोस्टमन दारात, ताईने रडायलाच सुरुवात केली. तार म्हटल्यावर मला विंचू आठवलाच नाही. समुद्र आठवला. पाकीट फाडेपर्यंत माझं काय झालं ते मी लिहिणार नाही. आत इंग्रजीत एवढंच: पोकळ विंचू म्हणजे कात, नव्या मऊ कातडीचा विंचू दिव्यात दिसत नाही, रुक्मिणीला सांग.

तार घेऊन तशीच तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती, डाव्या हाताने.

"आलीस का," म्हणाली. "मला वाटलं गावाला गेलीस."

मी तार वाचून दाखवली, मराठीत. कात, मऊ कातडी, जेवढं समजलं तेवढं सांगितलं. बाकीचं तुझं पत्र आल्यावर कळलं.

"म्हणजे तू म्हणालीस काळं म्हणजे मोकळं, ते खोटं."

"हो. खोटं."

"तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग माहीत नाही असं म्हणायचं होतं." तिने भाकरी उलटली. "मी तुझ्यावर नाही ओरडत. पोरीच्या वेळी पण सगळ्यांना सगळं माहीत होतं. एक म्हणाला मंत्राने उतरतो, एक म्हणाला सकाळपर्यंत बरी होईल. माहीत नाही असं एक जण म्हणाला असता, तर मी तिला तेव्हाच उचलून खाली धावले असते."

मी उभीच. तिने भाकरी ताटलीत टाकली आणि म्हणाली, "बस. भाकरी खा."

पुढच्या रविवारी तुझ्या आईकडे गेले. का गेले माहीत नाही. पाय तिकडे वळले. पार्वतीमावशी सुके बोंबील आवरत होती. मला बघताच पहिला प्रश्न, "त्याच्या कानाचं काय लिहितो गं? पडदा सांधला का?"

कुठला कान, अनंता? आणि तू तर रोज संध्याकाळी खाजणात उतरतोस. काचेच्या पेटीत दिवा घालून.

जानकी

*

लक्षद्वीप
४ ऑगस्ट १९८५

जानकी,

डावा कान. जानेवारीत खोल गेलो, वर येताना काहीतरी फुटल्यासारखं झालं. पडदा गेला. तेव्हापासून पाण्यात जायला बंदी. बेटावरची माणसं बादलीतून प्रवाळाचे तुकडे आणून देतात, मी टाकीशेजारी बसून त्यांच्यावर दिवा धरतो. तुला लिहिलेलं खाजण मागच्या वर्षीचं.

आईला सांगावं लागलं, हॉस्पिटलच्या खर्चाचा कागद तिच्या पत्त्यावर गेला म्हणून. तुला नाही सांगितलं. आमच्या घरात पहिला शिकलेला मी. वडील, तुळशीदास वर्सोवकर, बंदरावर भेटेल त्याला सांगतात की पोरगा समुद्राचा डॉक्टर होणार. आणि समुद्राचा डॉक्टर टाकीत बघत बसलाय! तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, निदान एका माणसाच्या डोक्यात तरी मी अजून पाण्याखाली आहे. ते सोडवेना.

रुक्मिणीबाईंचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू स्वतःला किती कोसतेस ते दिसतंय. पण ते वाक्य माझं होतं. सुंदर दिसलं म्हणून लिहून टाकलं, तपासलं नाही.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही, आणि ती लिहिली तर तू पुन्हा चिडशील. चमक कातडीच्या कडक होण्याबरोबर येते. म्हणजे कदाचित विंचवाने चमक मिळवलेलीच नाही. त्याने कवच मिळवलं, आणि कवच पक्कं करणाऱ्या रसायनांबरोबर चमक आली. हे खरं असेल तर त्यातूनच कळतं, की कुठला विंचू दिव्याला दिसणार नाही. तू म्हणालीस या 'का'चं काय करू, चुलीत घालू? मी तेव्हाच, मे महिन्यातच, तो 'का' नीट धरून शेवटपर्यंत विचार केला असता, तर ती कात तुला आधीच ओळखता आली असती. नुसता अर्धा 'का' लिहून पाठवला, तो घातक ठरला. आणि हाही अजून अंदाजच आहे, हे या वेळी स्पष्ट लिहितो.

हे तू तपासू शकतेस. बरणीत एक लहान विंचू ठेव, वाळू घाल, झुरळं दे, जाळीचं झाकण घट्ट बांध. कात टाकेल तेव्हा रोज संध्याकाळी दिवा धरून बघ. पेपरसाठी नाही. वस्तीत सांगताना तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं असावं म्हणून.

समुद्र शांत झाला की परत येतोय. पाण्यात न जाता काय करता येईल ते बघू. बाबांना मी तोंडाने सांगेन. तू त्याआधी वर्सोव्याला काही बोलू नकोस.

अनंता

*

मरोळ
१ सप्टेंबर १९८५

अनंता,

मी काही बोलले नाही. पण तुझ्या बाबांना माहीत आहे. गेल्या आठवड्यात बंदरावर भेटले, जाळं दुरुस्त करत होते. मला म्हणाले, "त्याला सांग, माझा पण एक कान गेलाय, इंजिनाच्या आवाजाने. मासे अजून मिळतात." एवढं बोलून परत जाळ्यात डोकं. तेव्हा उगाच कुढत बसू नकोस. ये.

बरणी ठेवली. भावोजी घर सोडून जायची धमकी देत होते, आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मॅनेजर दिवा शनिवारचा शनिवारी देतच होता, पण विंचवाने कात टाकली नेमकी सोमवारी. मी युनिटमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आठवडाभर ने. माझ्या बायकोला पण बघायचाय." दुसऱ्या दिवशी खरंच बायकोला घेऊन चढ चढून वर आला.

पहिल्या संध्याकाळी बरणीत दोन विंचू होते. एक हिरवागार पेटलेला, तो रिकामा. त्याच्या शेजारी खरा, जिवंत, आणि दिव्यात जवळपास नाहीच. फक्त आकड्यांच्या टोकांना किंचित उजेड. पुढचे चार दिवस नुसता धुरकट, मग मळकट हिरवा. मग रोज थोडा थोडा जास्त. आठवड्याच्या शेवटी अगदी लख्ख. मी रोज वस्तीतल्या बायकांना बोलावून दाखवत होते, नुसतं तोंडाने सांगितलं नाही. विंचू का चमकतो ते मला अजून माहीत नाही. कधी चमकत नाही, ते मी बघितलंय.

रुक्मिणी रोज यायची. बरणीपासून हातभर लांब बसायची, गुडघ्यांना मिठी मारून. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आता झाला ना पक्का? आता मारू?" मी म्हटलं, मार. तिने बरणी बाहेर नेली. बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा बरणी धुतलेली होती.

आज पुन्हा दिवा फिरवला, आता दर महिन्याला फिरवणार. पोरांचं गाणं बदललंय. आता ओरडतात, "दिसला तर चिमटा, नाही दिसला तरी चिमटा!" चाल तीच.

रुक्मिणीच्या घरात शेवटी गेलो. कोपऱ्यात एका फळीवर एक गोधडी घडी करून ठेवलेली. लहान, लाल काठाची. मार्चपासून तिने तिला हात लावलेला नाही, कुणाला लावू दिला नाही. आम्ही सगळं घर बघितलं आणि त्या फळीपाशी थांबलो. ताईने माझ्याकडे बघितलं. मी रुक्मिणीकडे.

"धर दिवा," ती म्हणाली.

धरला. काही नाही. काळोख.

"मोकळं आहे?"

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं रे. तिच्यासाठी. तिने इतक्या महिन्यांनी त्या फळीकडे बघितलं होतं म्हणून.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. चिमट्याने गोधडी उचलली, अंगापासून लांब धरून दारापर्यंत नेली, आणि झटकली. परत झटकली. ताई म्हणाली, "बास गं, काही नाही त्यात." रुक्मिणी झटकतच राहिली. घड्या मोडल्या, गोधडी उलगडली, आतून धूळ आणि भाताची दोन सुकलेली शितं पडली. त्या शितांकडे बघून ती पहिल्यांदा रडली. आम्ही दोघी बाजूला उभ्या. वायर हातात, दिवा तसाच जळत.

मग तिने डोळे पुसले आणि गोधडी खांद्यावर टाकली.

"लहान आहे," म्हणाली. "मला पुरायची नाही. बाळाला होईल."

आता हे लिहितेय तेव्हा बाळा तिच्यात गुरफटून झोपलाय. पाय बाहेर आलेत. पावसाने पत्रा वाजतोय. मी अजून एकदाही उठले नाही.

जानकी